मोरे बाई आणि दोन खोल्यांचा ठराव

पंधरा ऑगस्ट : ग्रामसभा, गणपूर्तीअभावी तहकूब. त्यानंतरचा आठवा दिवस : तहकूब सभा, दोन ठराव मंजूर. सव्वीस जानेवारी : ग्रामसभा; एकच ठराव मंजूर. एकतीस मार्च : शाळाखोल्यांचा निधी परत.

जबाबदार व्यक्ती : एक, नांदवेळ ग्रामपंचायतीचे तेव्हाचे सरपंच. दोन, सभेचे इतिवृत्त लिहिणारे ग्रामसेवक. तीन, तालुक्याच्या कार्यालयातले ते अधिकारी, ज्यांनी निधी परत जाताना पाहिला आणि एक फोनसुद्धा केला नाही. चार, प्रस्तुत लेखक.

चौथे नाव विनयापोटी लिहिलेले नाही. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून मी उभे आयुष्य काढले आहे. दाव्यात प्रतिवादी कोणाला करायचे आणि कोणाला नाही, एवढे मला समजते. या चार तारखांमध्ये ज्यांचे हातचे गेले त्यांनी मात्र कधी कोणाला प्रतिवादी केले नाही. त्या सुलोचना मोरे, आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. गेल्या श्रावणात त्या तळा या आपल्या गावी वारल्या. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ज्यांनी पाहिले आणि पाहून मान फिरवली, त्यांनीही वाचावे.

मी निवृत्त होऊन गावी परतलो त्या वर्षीच्या मे महिन्यात एका सकाळी ओटीवर बसलो असताना दगडी गडग्याबाहेर एक बाई उभ्या दिसल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, फिकट निळी साडी, डोक्यावर छत्री, हातात लांबट वही. त्या माझ्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीकडे टक लावून पाहत होत्या आणि वहीत काहीतरी टिपून घेत होत्या.

"काय पाहिजे?" मी विचारले.

"झबली बघते."

"माझ्या दोरीवरची?"

"तीन आहेत. दुपटी दोन. घरात बाळ आहे ना?"

माझी मुलगी बाळंतपणाला आली होती आणि पुढच्या महिन्यात पुण्याला परत जाणार होती, हे मी त्यांना जरा चढ्या आवाजातच सांगितले. त्यांनी वहीतली ओळ खोडली. "म्हणजे आमचं नाही," त्या इतक्या हळहळून म्हणाल्या की क्षणभर मलाच अपराधी वाटले. मग मला माझा स्वभाव आठवला. लोकांच्या दोरीवरचे कपडे मोजण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या नियमान्वये प्राप्त झाला, असे मी विचारले.

"अधिकार नाही हो भाऊसाहेब," बाई छत्री मिटत म्हणाल्या. "घाई आहे."

घाई कशाची, ते त्यांनी ओटीच्या पायरीवर बसून, पाण्याचा तांब्या रिकामा करून, मला समजावून सांगितले. नांदवेळ वाढत होते. आगरदांड्याहून पलीकडे दिघीला गाड्या घेऊन जाणारी बोट सुरू झाल्यापासून आमच्या किनाऱ्यावर वर्दळ वाढली होती. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये रिसॉर्टे उभी राहिली होती. त्यांत राबायला नांदेडकडची, कर्नाटकातली, उत्तरेकडची माणसे बायकामुलांसह येऊन गावकऱ्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहत होती. शाळेच्या खोल्या मात्र दोनच होत्या आणि वर्ग पाच. बाईंच्या वहीत दोन रकाने असत. एकात झबली, दुसऱ्यात जोती. ज्या घराला नवे बाळ, ते पहिल्या रकान्यात. ज्या जागेवर भाड्याच्या खोल्यांचे जोते घातलेले दिसले, ते दुसऱ्यात. एका जोत्यामागे किती पोरे धरायची याचा त्यांचा स्वतःचा हिशोब होता, आणि मी पुढे पाच वर्षे पाहिले, तो क्वचितच चुकला.

"पोर जन्माला आलं की सरकारला सहा वर्षांची नोटीस मिळते, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या कोर्टात कुणाला मिळते का एवढी मोठी नोटीस? आणि सहा वर्षांनी ते पोर दारात उभं राहिलं की साहेब म्हणणार, अरे, हे कुठून आलं!"

मी हसलो. तेव्हा हसलो, असे लिहिणे आज मला जड जाते.

बाई तळ्याच्या. वडील शेतमजूर, आई धम्मदीक्षेनंतर वाडीत सही करायला शिकलेली पहिली बाई. आईने शिकवलेली ती सही बाईंनी कधी बदलली नाही. प्रत्येक अक्षर वेगळे, कोरलेले. नोकरीत त्या शासकीय मराठी बिनचूक लिहीत, पण राग आला किंवा गंमत वाटली की बोलणे तळ्याच्या वळणावर जाई. एखादे मूल दारात घुटमळले की "काय रं, आत येतोस का आमंत्रण धाडू?" असे म्हणत. परगावच्या आयांशी त्या आणखी सैल बोलत. एकदा रिसॉर्टमध्ये खोल्या झाडणारी गंगाबाई मुलीला शाळेत घालू की धाकट्याला सांभाळायला घरी ठेवू, असे विचारायला आली. बाई म्हणाल्या, "धाकट्यालाबी घेऊन ये. तो न्हाय शिकला तरी चालंल, आवाज करू दे. पण हिची पहिली एकदाच हाय. इमारत मागनं बांधता येते, पहिली मागनं करता येत न्हाय."

हे शेवटचे वाक्य त्या साहेबांनाही ऐकवत, तेव्हा मात्र शुद्ध भाषेत.

सरकारी गणतीचा आणि आमच्या गावाचा जो मेळ बसत नव्हता तो मला त्यांनीच दाखवून दिला. खोल्या मंजूर होतात सप्टेंबरअखेरच्या पटावरून. आमच्याकडे बांधकामे उघडतात दसऱ्यानंतर आणि रिसॉर्टे भरतात दिवाळीपासून. म्हणजे ज्या दिवशी सरकार मुले मोजते त्या दिवशी निम्मी मुले गावात आलेलीच नसतात. डिसेंबरमध्ये व्हरांडाही पुरत नसे. तिसरीचा वर्ग बसवायला बाईंनी देवळाचा सभामंडप मागितला. तो मिळाला नाही. कारण कोणी सांगितले नाही आणि कोणाला विचारावेही लागले नाही. मग बौद्धवाडीतल्या लोकांनी आपले समाजमंदिर दिले. तिथे लग्न किंवा हळद असली की तिसरी बाहेर पडे आणि बंदराजवळच्या जाळी ठेवायच्या पडवीत बसे. त्या दिवशी मुलांच्या वह्यांना सुक्या बोंबलांचा वास येई. त्या वासावरून आम्हाला कळे, आज वाडीत कार्य आहे.

ही सगळी हकिकत त्यांना अर्जात मांडून हवी होती. अर्ज लिहिणे हे माझे काम झाले. आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर त्या ओटीवर येत, मी मसुदा वाचून दाखवी, त्या ऐकत. "विद्यार्थ्यांची बैठकव्यवस्था अपुरी असल्याने" असे मी लिहिले की त्या म्हणत, "अपुरी म्हणजे काय हे साहेबाला कसं कळणार? त्याला खुर्ची पुरतेय." मी त्यांना नियम शिकवत होतो आणि त्या मला माणसे दाखवत होत्या. या देवाणघेवाणीत जास्त कोणाला मिळाले हे सांगायची गरज नाही.

अर्जांना यश आले म्हणावे तर ते अर्जांमुळे आले नाही. एका जानेवारीत तालुक्याहून कनिष्ठ अभियंता पाहणीला आला. चांगला उंचापुरा, पोट सुटलेला गृहस्थ. बाईंनी आदल्या दिवशी व्हरांड्याच्या फरशीवर खडूने चौकोन आखून ठेवले होते, पटावरच्या प्रत्येक मुलाला एक. अभियंत्याने टेप काढला तशा त्या म्हणाल्या, "साहेब, मापं मागाहून. आधी जरा बसून बघा."

"कुठे?"

"त्या चौकोनात. तो दुसरीतल्या समीराचा आहे. ती आज आजारी आहे."

तो हसत हसत बसला. बसल्यावर त्याच्या गुडघ्यांनी दोन्हीकडच्या दोन चौकोनांवर अतिक्रमण केले.

"गुडघे आत, साहेब. शेजारच्याची हद्द आहे ती," बाई म्हणाल्या. "आणि हे दप्तर. मांडीवर घ्यावं लागतं, खाली जागा नाही. हां, आता दप्तरावर वही ठेवून शुद्धलेखन लिहा दोन ओळी."

मुले खदखदून हसत होती. अभियंताही हसत होता, पण उठताना त्याला हाताचा आधार लागला आणि मग तो हसला नाही. पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात नांदवेळ शाळेला दोन खोल्या मंजूर झाल्या. अट एकच. जुन्या शाळेला तिन्ही बाजूंनी घरे येऊन भिडली होती, त्यामुळे ग्रामपंचायतीने आपली जागा ठरावाने शाळेला द्यायची आणि तो ठराव मार्चअखेरच्या आत पोहोचवायचा.

अशी जागा होती. गावाच्या मध्यावर, पूर्वी ज्या ठिकाणी सगळे मिळून भात झोडत, ते खळे. ग्रामपंचायतीच्या मालकीचे, सपाट, रिकामे.

आता त्या चार तारखांकडे येतो.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही. आमच्याकडे ती त्या दिवशी सहसा होत नाही. होड्या नुकत्याच पाण्यात गेलेल्या असतात. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मात्र तिच्यात मूळ विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषयही घेता येत नाही. नियम साधा आहे, आणि तो अशासाठी आहे की पाचपंचवीस माणसांनी बसून गावाचे काही परस्पर देऊन टाकू नये.

आठव्या दिवशी जमलेल्या पाचपंचवीस माणसांत मी होतो. सरपंचांनी विषयपत्रिका संपवली आणि ऐनवेळचे म्हणून दोन विषय घेतले. पहिला : बंदरावर उतरणारी जुनी पायऱ्यांची पाखाडी, जिच्यावरून तीन पिढ्या कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन वर आल्या, ती एका रिसॉर्टला "देखभालीसाठी" देणे. दुसरा : खळ्याची जागा शाळेला देणे. मी उठलो. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, असे म्हणालो.

सरपंच माझ्याहून वीस वर्षांनी लहान, गोड बोलणारा माणूस. "भाऊसाहेब, दुसरा विषय मोरे बाईंच्या शाळेचा आहे," तो म्हणाला. "तुम्ही शाळेला विरोध करताय, असं लिहू का इतिवृत्तात?"

लोक हसले. दोन्ही ठराव मंजूर झाले. शाळेच्या पाठीमागे पाखाडी लपवून नेली होती, आणि ते मला स्पष्ट दिसत होते.

मी तक्रार अर्ज लिहायला घेतला त्या संध्याकाळी बाई आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊसाहेब, पाखाडीचा ठराव रद्द करा. खळ्याचा राहू द्या."

"तसे करता येणार नाही, बाई. दोष विषयात नाही, सभेत आहे. सभाच सक्षम नव्हती. एक जातो तर दुसराही जातो."

"तुम्ही नाही बोललात तर कोण बोलणार आहे दुसऱ्याबद्दल?"

"आज मी एक बेकायदा ठराव सोयीचा म्हणून गिळला, तर उद्या त्यांना बोलायला मला तोंड राहणार नाही."

त्या ओटीच्या खांबाला टेकल्या. मग म्हणाल्या, "बरं. तुम्ही लिहिणारच. लिहायलाही पाहिजे, पाखाडी गेली तर कोळवाडा बुडेल. पण एक करा. त्याच अर्जाच्या शेवटी दोन ओळी घाला. शाळेच्या जागेचा विषय पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला घेण्याचे आदेश द्यावेत. वरूनच आदेश आला म्हणजे ह्यांना टाळता येणार नाही."

मी "बघतो" म्हणालो.

मी त्या दोन ओळी घातल्या नाहीत. न्यायालयातल्या नोकरीने माझ्या हाडात एक शिस्त मुरवली होती : एका अर्जात एकच मागणी. दुसरी मागणी आली की समोरचा पक्ष तिच्यावर बोट ठेवून पहिलीला कमकुवत करतो. माझा अर्ज मला निर्दोष हवा होता. शाळेसाठी स्वतंत्र अर्ज करू, आणि तोही पहिल्याचा निकाल हाती आल्यावर, त्याचा आधार घेऊन करू, असे मी ठरवले. बाईंना हे सांगितले नाही. विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते मला ठाऊक होते.

अर्ज निर्दोष ठरला. वरिष्ठ कार्यालयाने दोन्ही ठराव नियमबाह्य ठरवले. आदेशात माझे शब्द जवळजवळ जसेच्या तसे होते; तो कागद मी दोनदा वाचला, आणि खरे सांगायचे तर तिसऱ्यांदा केवळ आनंदासाठी वाचला. पण तो यायला जानेवारी उजाडला होता. मी शाळेचा अर्ज त्याच दिवशी लिहून दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत दिला. ग्रामसेवकाने पोच दिली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, विषयपत्रिका काल निघाली."

तिच्यावर पाखाडीचा विषय होता. रिसॉर्टच्या माणसांनी आदेशाची वाट पाहिली नव्हती; त्यांनी आपला विषय आधीच, रीतसर, वेळेत दिला होता.

सव्वीस जानेवारीला गणपूर्ती झाली. रिसॉर्टच्या गाड्या सकाळपासून वाड्यावाड्यांतून माणसे आणत होत्या, मंडपाच्या मागे मिसळ आणि चहा होता. कायम राहणारे गावकरी सगळे. त्यांची मुले पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. आमच्या शाळेत आता येतात ती भाड्याच्या खोल्यांतली. बाईंनीही माणसे आणली होती. गंगाबाई, एका रिसॉर्टचा रखवालदार, दोन गवंडी, त्यांच्या बायका. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून ती माणसे मंडपाच्या कडेला उभी होती.

पाखाडीला हात वर झाले. मी विरोधात बोललो, मोजके चारजण माझ्या बाजूला आले, ठराव मंजूर झाला. या वेळी त्यात कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती.

मग बाई उठल्या. खळ्याचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने घ्यावा, मार्चअखेर जवळ आहे, निधी मंजूर आहे, असे त्यांनी चार वाक्यांत सांगितले. सरपंचांनी फाइलमधून एक कागद काढून उंच धरला.

"बाई, मला काय हौस आहे का शाळा अडवायची? पण हा बघा आदेश. भाऊसाहेबांच्याच अर्जावर आलाय. ऐनवेळचा विषय घेतला तर तो नियमबाह्य. विचारा त्यांना. बसलेत समोर."

सगळे माझ्याकडे वळले. बाईही.

हे खोटे होते. तो आदेश तहकूब सभेपुरता होता. ही मूळ सभा होती, गणपूर्ती होती, अध्यक्षांच्या परवानगीने विषय घेता आला असता. मंडपातल्या कोणालाही हा फरक माहीत नव्हता, मला होता. मला फक्त उभे राहून एवढेच म्हणायचे होते : घेता येतो. पण ऐनवेळच्या विषयांविरुद्ध मी पाच महिने लढलो होतो. माझ्याच तोंडून आता "ऐनवेळी घ्या" निघाले तर हा माणूस चारचौघांत मला खोटा पाडील, ही भीती मला वाटली. तिला मी त्या क्षणी तत्त्व असे नाव दिले. मी म्हणालो, "आदेशाचे वाचन करावे लागेल."

"बघा," सरपंच म्हणाले.

मंडपाच्या कडेवरून गंगाबाईने हात वर केला. "बाई, आमी हात वर केला तर चालंल का?"

"यादीत नाव आहे का तुझं?" ग्रामसेवकाने विचारले. "मतदार यादीत?"

"न्हाई."

"मग हात खाली."

तिने हात खाली घेतला. बाईंनी तिच्याकडे पाहिले, मग वहीकडे, आणि खाली बसल्या. राष्ट्रगीत झाले. एकतीस मार्चला निधी परत गेला. दुसऱ्या एका गावाला जागा होती, तिथे त्या खोल्या बांधल्या गेल्या. चांगल्या आहेत म्हणतात.

त्यानंतरच्या आठवड्यात मी दार लावून बसलो होतो. बाई ठरल्या वारी, ठरल्या वेळी आल्या. माझ्या पत्नीने चहा दिला. मी क्षमेचे शब्द जुळवू लागलो तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली.

"भाऊसाहेब, तुम्ही लिहिलंत ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "उशिरा लिहिलंत. आणि बोलायच्या वेळी नाही बोललात. झालं. आता हे बघा."

त्यांनी पिशवीतून मतदार नोंदणीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा काढला. मतदार यादीचे कामही शिक्षकांकडेच असते. ते सरकारने त्यांच्यावर लादलेले ओझे होते आणि त्यांनी त्याचा उपयोग करायचे ठरवले होते. "आपली चूक कळली मला. मी पोरं मोजत बसले. इथे मोजतात ते हात. ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांना हात नाही, आणि ज्यांना हात आहे त्यांची पोरं व्हॅनमध्ये."

निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे त्यांनी यात घातली. खोल्यांचे मालक भाडेकरूंना राहण्याचा पुरावा देत नसत. कागद दिला की घरपट्टी वाढेल, ही धास्ती. बाई एकेका मालकाच्या दारी जाऊन बसत. एकाने सुनावले, "बाई, तुम्ही परक्यांना गावात घुसवताय." बाई म्हणाल्या, "भाडं घेताना तुला परके नाही वाटत, दादा. पोरांचं नाव काढलं की वाटतात व्हय?" त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. त्या तक्रारींना उत्तरे मी लिहिली. प्रत्येक उत्तरात आता मी त्यांना हव्या तेवढ्या ओळी घालत होतो. काही नावे चढली. गंगाबाईचे अर्ज दोनदा फेटाळले गेले, आणि तिसऱ्याच्या आधी रिसॉर्टने तिला दुसरीकडे पाठवले. अशी माणसे एका जागी राहत नाहीत. यादीत नाव यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ त्यांना कोणी राहू देत नाही.

निरोपसमारंभ समाजमंदिरात झाला. साहेब आले, शाल दिली, बाईंच्या कार्याबद्दल बोलले. बाई उत्तराला उठल्या. सगळ्यांना वाटले, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "मी इथे आले तेव्हा दोन खोल्या होत्या. जाताना दोनच आहेत. मी काही नेलेलं नाही, तपासून घ्या." लोक हसले. मी पहिल्या रांगेत होतो. मला हसता आले नाही, आणि त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्या तळ्याला भावाकडे राहायला गेल्या. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करीत. माझी, पत्नीची विचारपूस दोन वाक्यांत आटपून विचारीत, "तिसरी कुठे बसते आता?" मी सांगे, समाजमंदिरात. त्या "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये दोष नसे, पण माझ्या हातून बराच वेळ दुसरे काम होत नसे. शेवटच्या फोनला त्यांना धाप लागत होती. मी म्हणालो, बाई, तब्येतीला जपा, यायचे आहे मला तुम्हाला भेटायला. "या," त्या म्हणाल्या, "पण अर्ज टाकून या. रिकामे नका येऊ." मी अर्ज टाकला. जायचे मात्र राहून गेले. पाऊस जोराचा होता, गुडघे दुखत होते, पुढच्या आठवड्यात जाऊ, असे चालले होते. तेवढ्यात भावाचा निरोप आला.

तळ्याला त्यांच्या घरी वंदना चालू असताना मी मागे बसलो होतो. एक तरुण बाई शेजारी येऊन बसल्या. त्या नव्या मुख्याध्यापिका. आमच्या शाळेत त्यांना तीन महिने झाले आहेत. त्यांनी हळूच विचारले, "भाऊसाहेब, खळ्याच्या जागेचं नक्की काय झालं होतं? गावात प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुम्ही अडवली, असंही सांगतात."

मी त्यांना तिथे उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून हे जाहीरपणे लिहिले आहे.

खळ्यावर आता पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतात. पाखाडीला फाटक आहे. पट वाढला आहे. चौथीही आता व्हरांड्यातून बाहेर गेली आहे. मंजूर खोल्या गमावलेल्या गावाला पुन्हा खोल्या मिळायला किती काळ लागतो, याचे उत्तर मी तीन कार्यालयांना विचारले. तिन्हींनी ते एकमेकांकडे पाठवले.

म्हणून माझी मागणी. येत्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत खळ्याच्या जागेचा विषय विषयपत्रिकेवर पहिला घ्यावा. तो वेळेत दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. ज्यांची मुले या शाळेत आहेत त्या सर्व आईबापांना, यादीत नाव असो वा नसो, मंडपात खाली बसायला जागा द्यावी. मी आधी उठेन आणि त्या दिवशी मी का गप्प बसलो ते माझ्या तोंडाने सांगेन. त्यानंतर आजच्या सरपंचांनी, कालच्या सरपंचांनी, ग्रामसेवकांनी आणि तालुक्याच्या त्या साहेबांनी एकेक करून उभे राहावे आणि त्या आईबापांकडे पाहून सांगावे : जागा होती, निधी होता, मुले होती, मग खोल्या का नाहीत? उत्तर लेखी नको. लेखी उत्तरे आम्ही पुष्कळ पाहिली, आणि पुष्कळ लिहिलीही. ध्वनिक्षेपक लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोला.